डावीकडचा माणूस

तुळशीराम गेल्याची बातमी मला आधी हॉर्ननं दिली, मग माणसानं. त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो. वाशिमच्या त्या मोठ्या चौकापासून माझं घर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे उजाडल्यापासून हॉर्न ऐकणं हाच माझा रेडिओ. हॉर्न इतके वाजतात की आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनी आरवणं सोडून दिलंय, त्यांना कोणी ऐकतच नाही. तर ते हॉर्न एकदम बंद पडले. सगळे, एका दमात. मी वस्तरा खाली ठेवला आणि मंडईतल्या अडत्याचा फोन आला, "ड्रायव्हर, चौकात या लवकर... आपला तुळशीराम..." एका गालाला फेस तसाच ठेवून मी पळालो. याला आता दीड महिना होत आला. लिहायला बसलो की डोळ्यांत पाणी कमी आणि डोक्यात संताप जास्त येतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तुळशीराम म्हणजे शहराच्या कडेला दोन एकरांची वाडी असलेला भाजीवाला माळी. मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, वांगी, दोडके, जे असेल ते रोज पहाटे तोडायचं आणि उजाडता सायकलवर लादून मंडईत न्यायचं. चाळीस वर्षं. त्या सायकलवर मागं प्लॅस्टिकचे दोन क्यारेट, वर एक पोतं, पुढं टोपली आणि दांडीला लटकवलेले भोपळे. मागून पाहणाऱ्याला माणूस दिसायचाच नाही. वाटायचं, मळाच उठून बाजाराला निघालाय. एकदा म्हणे त्याच्या पोत्यावर बसून एक बगळा वाडीपासून मंडईपर्यंत आला आणि भाव ऐकून परत गेला. हे मी पाहिलेलं नाही, पण तुळशीराम खोटं बोलायचा नाही. ते खातं माझ्याकडे होतं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. मी तेव्हा ट्रक चालवायचो. केनवडहून सोयाबीन भरून निघालो होतो, घाई होती, आणि चौकाच्या अलीकडे हा सायकलवाला भर रस्त्याच्या मधोमध, आपल्या लग्नाची वरात असल्यासारखा चाललेला. मी हॉर्न दिला. हलेना. पुन्हा दिला. असा हॉर्न की रिठदपर्यंतची जनावरं दावी तोडून उठली असतील. तो थांबला, सायकल माझ्या ट्रकसमोर स्टँडवर लावली, आणि शांतपणे माझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"ड्रायव्हर, मी तुले दिसून राह्यलो का?"

"दिसतं ना बे! डोंगरावानी दिसून राह्यला! कडेनं चालाले काय होते तुले?"

"कडेनं गेलो असतो तं दिसलो असतो का?"

तो सायकल काढून निघून गेला. मधोमधच. मी त्याच्या मागं मागं चौक ओलांडला, आणि माझ्या मागच्या सतरा गाड्यांनी माझ्या आईबापाचा उद्धार केला. सतरा म्हणजे मोजल्या नव्हत्या, पण शिव्यांवरून अंदाज येतो.

पुढं मंडईत माल टाकायला गेलो की भेट व्हायची, चहा व्हायचा, आणि दोस्ती झाली. एक दिवस म्हणाला, "मले तुह्या गाडीत बसव. तुमाले काय दिसते अन् काय नाई, ते एकडाव पाहू दे." मी ट्रक मंडईमागच्या मोकळ्या जागेत उभा केला. त्यानं आपली भरलेली सायकल ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या दाराजवळ लावली आणि वळसा घालून माझ्या सीटवर चढून बसला. स्टेअरिंग धरलं, आरशात पाहिलं, मान लांब केली, वाकला, उठला. मग एकदम ओरडला, "अबे, माही सायकल कोण नेली?" खाली उडी मारून धावत पलीकडे गेला. सायकल जागच्या जागी, दोडक्यांसकट. परत चढला. परत गायब. चार वेळा चढला आणि चार वेळा उतरला. पाचव्यांदा उतरला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. म्हणाला, "म्हणजे चाळीस किलो भाजी अन् एक माणूस, तुमच्या हिशोबानं हायच नाई."

तेव्हा मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते आणि कोणी सायकलवाल्याला सांगत नाही. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा आधी थोडी उजवीकडे जाते. सायकलवाल्याला वाटतं, चला, बाजूला झाली, जागा दिली. तो त्या जागेत शिरतो. आणि मागचं चाक काही पुढच्या चाकाच्या मागून जात नाही, ते कोपरा आतून कापत येतं. जागा दिसते ती जागा नसतेच. तुळशीरामनं जमिनीवर काडीनं रेघा ओढून ते समजून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मंडईत येईल त्या प्रत्येक सायकलवाल्याला धरून, वांग्यांचा ट्रक आणि मिरचीची सायकल मांडून, समजावू लागला. अडते वैतागले. त्यांची वांगी रोज अपघातात सापडायची.

मग रस्ता मोठा झाला. आम्हाला वाटलं, आता सुख. कसलं सुख! पूर्वी खड्ड्यांमुळे गाड्या चौकात हळू यायच्या. आता विमान उतरावं तशा उतरायला लागल्या. डांबराचा थर थरावर चढला आणि रस्त्याच्या कडेला वीतभर उंचीची पायरी झाली. त्या पायरीखाली नालीची जाळी, जाळीच्या सळया नेमक्या चाकाच्या दिशेनं, म्हणजे सायकलचं चाक आत गेलं की थेट पाताळात. जाळीच्या पुढं ऑटो, ऑटोच्या पुढं केळीची गाडी, आणि कोपऱ्यावर कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आणि या सगळ्यातून जाणाऱ्याला येता-जाता प्रत्येक जण सांगणार, "कडेनं जा ना बाबा!" कोणती कड? दाखवा मला. मी चष्मा लावून येतो.

सिग्नल लागला, तोही मोटारसायकलच्या मापाचा. भरलेली सायकल जागेवरून हलवायला दोन पावलं धावत जावं लागतं, मग पेडल. तुळशीराम चौकाच्या मध्यावर पोचेपर्यंत दिवा बदललेला असायचा आणि तिन्ही बाजूंनी फौज सुटायची. तो म्हणायचा, "मी निंगतो तवा हिरवा, पोचतो तवा लाल. मधात काय म्हातारा होऊन राह्यलो का मी?"

त्यानं अर्ज केला. मागणी अगदी साधी होती. सायकलवाल्यांना गाड्यांच्या पुढं उभं राहायला दोन हात जागा आखून द्या, म्हणजे आम्ही दिसू. आणि कोपरा मोकळा ठेवा. अर्ज घेणारा म्हणाला, "वाहन क्रमांक लिहा." तुळशीराम म्हणाला, "सायकलले नंबर नसते साहेब." "मग कॉम्प्युटर पुढं जात नाही." बराच वेळ दोघंही कॉम्प्युटरकडे पाहत बसले. शेवटी या महाभागानं माझ्या ट्रकचा नंबर लिहून दिला. महिन्याभरानं मला नोटीस आली की अमुक क्रमांकाच्या वाहनामुळे चौकात सायकलस्वारांना त्रास होत असल्याची तक्रार आहे, खुलासा करावा. मी नोटीस घेऊन वाडीवर गेलो. तो इतका हसला की हातातली सांबाराची जुडी सुटून बांधभर पसरली. "पाय," म्हणाला, "काई तं हाललं ना सरकारात!"

तो गेला त्या दिवशी मात्र तो मधोमध नव्हता. पाइपासाठी रस्ता मधून खोदून ठेवला होता, चार दिवसांचं काम पंधरा दिवस उघडं पडलं होतं. चाळीस वर्षं जो माणूस कडेनं गेला नाही, त्याला त्या सकाळी कडेनं जावं लागलं. डावीकडे वळणारा टिप्पर आधी उजवीकडे सरकला... पुढचं मी वर लिहिलंय. त्याला ते काडीनं रेघा ओढून पाठ होतं. पण मागं ऑटो, खाली पायरी, बाजूला खड्डा. माहीत असून माणूस जाणार कुठं?

कागदावर लिहिलं गेलं की सायकलस्वाराचा तोल गेला. तोल! पोत्यावर बगळा बसला तरी ज्याचा तोल गेला नाही त्याचा! आणि वाडीवर भेटायला येणारे, चहा पिऊन झाल्यावर, निघता निघता म्हणायचे, "थोडं कडेनं जायला पाहिजे होतं." मी पहिल्या पाच जणांना समजावलं. सहाव्याला मी हाकललं. तो माझा सख्खा साडू होता, अजून बोलत नाही.

आता माझी चूक सांगतो. तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही मंडईतली मंडळी बसलो आणि ठरलं की तुळशीरामचा फ्लेक्स लावायचा. आपल्याकडे माणूस गेला आणि फ्लेक्स लागला नाही तर तो गेल्यासारखा वाटत नाही. फोटो सापडेना, सापडला तो आधार कार्डावरचा, त्यात त्याचा चेहरा पोलिसांना हवा असलेल्या माणसासारखा. फ्लेक्सवाल्या पोरानं त्याला निळा कोट चढवला, मागं हिमालय टाकला. जन्मात कोट न घातलेला माणूस बर्फात उभा राहिला. लावायचा कुठं? मी छाती पुढं काढून म्हणालो, "जिथं गेला तिथंच! चौकात, डाव्या कोपऱ्यावर! येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसला पाह्यजे!" बांबू मीच धरले. दहा फूट उंच, खाली थेट जमिनीपर्यंत.

भाजीला दुखवटा कळत नाही. मेथी तेरवीसाठी थांबत नाही. त्याची मुलगी रेखा चौदाव्या दिवशी आपल्या कॉलेजच्या सायकलला बापाचे क्यारेट बांधून मंडईत जायला लागली. मला हे माहीत होतं, म्हणजे कानावर आलं होतं. आणि पुढच्या आठवड्यात, पुतण्याचा पिकअप घेऊन सकाळी मी चौकात डावीकडे वळलो. सिग्नल पाहिला, आरसा पाहिला, तुळशीरामच्या फोटोकडे पाहून हातही जोडला, एका हाताचा नमस्कार. आणि त्या फोटोच्या मागून, निळ्या कोटाच्या बाहीखालून, एक सायकलचं चाक बाहेर आलं.

ब्रेक असा दाबला की पाय आजही दुखतो. हे वाढवून सांगत नाही. चाक बंपरला टेकलं, एक क्यारेट कलंडलं, वांगी रस्ताभर झाली. मी खाली उतरलो. रेखा उभी होती, पांढरीफटक.

"काका, दिसत नाई का तुमाले?"

"नाई दिसली बाई... खरंच नाई दिसली."

तिनं मागं वळून फ्लेक्सकडे पाहिलं. "कशी दिसीन? बाबाच्या मांगं होती मी."

मी पिकअपमधला विळा काढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागलो. लगेच गर्दी. वांगी उचलायला एक माणूस पुढं आला नव्हता, दोऱ्यांसाठी वीस आले.

"काहून काढता वो? मेल्या माणसाचा अपमान करता काय?"

"महिना तं होऊ द्या!"

"कोणाले इचारलं तुमी?"

मी समजावू पाहिलं की हा कोपरा आहे, इथून दिसत नाही. एक जण म्हणाला, "काका, इथूनच तं सगळ्याइले दिसते!" म्हणजे फ्लेक्स. तेच तर सांगत होतो मी! पण सांगणार कोणाला? शेवटी रेखा पुढं आली. "माह्या बापाचा हाय. मी घरी नेतो," म्हणाली, आणि खाली पडलेल्या बापाची गुंडाळी करून क्यारेटवर बांधली. गर्दीनं वाट दिली. सायकलवर जाणाऱ्या भाजीवालीला त्या चौकात वाट मिळाल्याचं हे मी पाहिलेलं एकमेव उदाहरण.

बांबू दोन दिवस रिकामे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी तिथं एका तरुणाचा वाढदिवस लागला. मी त्या तरुणाला भेटलो, हात जोडले, म्हणालो की बाबा, वीस हात मागं लाव. तो पाया पडला माझ्या. गुणी पोरगा. म्हणाला, "काका, तुमचा शब्द खाली पडणार नाही, पण मोक्याची जागा आहे ती." तुळशीरामचाच अर्ज मी पुन्हा केला आहे. वाहन क्रमांकाच्या जागी या वेळी स्वतःच्याच स्कूटरचा नंबर लिहिला, नोटीस आली तर निदान पत्ता शोधावा लागणार नाही.

हल्ली सकाळी मी वाडीवर जाऊन बसतो. भाजी निवडायच्या खोलीत तुळशीरामच्या बायकोनं, कौसल्यावहिनीनं, तो फ्लेक्स जमिनीवर अंथरला आहे. धुतलेल्या जुड्या ओल्या असतात, माती लागू नये म्हणून. हिमालयावर मेथी, कोटावर सांबार. खाली शोकाकुल म्हणून आम्हा मित्रांच्या फोटोंची रांग आहे, ती पालकाखाली कधीच गेली. फक्त तुळशीरामच्या तोंडावर कोणी काही ठेवत नाही. जागा पुरत नाही, जुड्या दारापर्यंत येतात, तरी तेवढी जागा मोकळी.

उजाडलं की रेखा सायकल काढते. वहिनी तिला एवढंच म्हणते, "मधातून जा." मग फोन समोर ठेवून बसते. मंडईत पोचली की रेखा मिस कॉल देते. वाडीपासून मंडईला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ वहिनीचे हात चालत नाहीत, सुतळी बोटाला गुंडाळलेली तशीच राहते. मीही बोलत नाही. मी, बोलत नाही! परवा वीसची तीस मिनिटं झाली. लांबून चौकातले हॉर्न ऐकू येत होते. वहिनी म्हणाली, "वाजून राह्यले ना भाऊजी?"

"वाजून राह्यले वहिनी. चांगले वाजून राह्यले."

मग फोन एकदाच वाजला आणि थांबला. वहिनीनं सुतळीची गाठ मारली, जुडी कोटाच्या खिशावर ठेवली, आणि पुढची मेथी हातात घेतली.