मुक्कामी गाडीच्या टपावरची स्वाती

आकाशातल्या ताऱ्याला आपल्याच खात्यातला समजणारा माणूस अख्ख्या येरमाळ्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरी. माझे चुलत सासरे, म्हणजे नाना, तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी घेऊन तामलवाडीला गेले की कंडक्टर आत बाकड्यावर झोपायचा आणि नाना टपावर. तिथं त्यांची स्वातीशी ओळख झाली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. पाव्हणा चहा पिऊन उठला की त्याला अंगणात नेऊन रस्ता सांगणार, "सप्तर्षीची शेपटी दिसली? तिच्या बाकानं वळण घेत पुढं या. पहिला थांबा स्वाती. चित्रापर्यंत गेलात म्हंजे उतरायचं चुकलं." ती नारिंगी का, असं कुणी विचारलं की नाना खूश. "म्हातारी झालीय. टाकीतलं सरत आलं, आता रिझर्व्हवर चाललीय. म्हणून लई फुगलीय अन् तांबूस पडलीय. पण एक फेरी रद्द न्हाय." माझ्या नणंदेला बघायला आलेली मंडळी अशीच अर्धा तास माना वर करून उभी होती. पोहे गार झाले, लग्न मात्र जमलं.

नोकरीत डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरला स्टेअरिंगवरून उठवून डेपोत बसवत. तेव्हापासून नाना डोळ्यांच्या डॉक्टरला भितात. मोतीबिंदू पिकलाय, शिबिरात नाव देऊ, हे मी दोनदा काढलं. दोन्ही वेळा एकच उत्तर, "स्वाती दिसती ना मला. झाली तपासणी."

यंदा चैत्रातली यात्रा संपल्यावर एका संध्याकाळी मी वाळवणं गोळा करायला जरा उशिरानंच अंगणात गेले. नाना पूर्वेकडं तोंड करून हात जोडून उभे होते. "बघ सूनबाई, आज जरा लुकलुकतीय."

मी बघितलं. समोर डोंगरावरच्या पवनचक्कीचा तांबडा दिवा उघडझाप करत होता. स्वाती त्याच्या बरीच वर, डावीकडं होती.

गप्प बसावं असं वाटलं. पण गप्प बसून डोळे गेले असते. म्हटलं, "नाना, ती पवनचक्की आहे."

नानांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "आठ दिस झाले, तिला नमस्कार करतोय मी." आणि मान वर करून, "ती आलीय का पण?"

त्यांचा हात धरून मी बोट स्वातीवर नेलं. "दिसतंय का काही?"

"न्हाय." हात तसाच वर ठेवून ते म्हणाले, "दे नाव शिबिरात. डेपोतल्या कुणाला सांगू नको."

ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. तोवर रोज दिवेलागणीनंतर अंगणातून हाक येते, "सूनबाई, आली का?" मी हातातलं काम ठेवून बाहेर जाते, वर बघते आणि आली म्हणून सांगते. मग ते आत येऊन जेवायला बसतात. काल आभाळ भरून आलं होतं, एकही तारा नव्हता. मी आली म्हणून सांगितलं.