तिरका जोड

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये मी मॅनेजर असताना एका माणसाला चोर ठरवून कामावरून काढलं. तो चोर नव्हता, हे तिथे हजर असलेल्या चौघांपैकी दोघांना ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरा मी. त्या माणसाविषयी लिहायचं तर आधी एवढं लिहून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं कौतुक वाचून तुमचा माझ्याबद्दल भलताच चांगला समज व्हायचा.

त्यांना सगळे आबा ऑपरेटर म्हणत. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. उंच, सडपातळ, पांढरीशुभ्र टोपी, आणि मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या धुराने बोटं मात्र कायमची काळी. मी जळगावहून नोकरीवर नवा रुजू झालो होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वर केबिनमध्ये बोलावलं. पौराणिक चित्र चालू होतं. इंद्राच्या दरबारात अप्सरा नाचत होती. आबांनी काचेच्या झरोक्याकडे बोट केलं.

"भाऊ, तिना दंड दखा."

मी पाहिलं. मला काही दिसेना.

"देवीनी लस टोचेल शे. दोन वण. सरगमा बी देवीनी साथ येल व्हती का काय?"

मी खो खो हसलो. आबा हसले नाहीत. चित्रातली चूक पकडणारे पुष्कळ असतात; चारचौघांत सांगून भाव खाणारे त्याहून जास्त. आबांना चूक दिसली की वाईट वाटायचं, घरातल्याच कुणाचं धोतर भर बाजारात सुटल्यासारखं. "इतला लोक तठे उभा व्हतात, भाऊ, एक जण बी दखं नही," असं ते पुटपुटत आणि पुन्हा झरोक्याला डोळा लावत. खाली प्रेक्षकांना त्यांनी कधी काही सांगितलं नाही. लोक तिकीट काढून येतात, त्यांचा आनंद कशाला मोडायचा, असं त्यांचं म्हणणं.

लढाईच्या चित्रात मावळ्याच्या उन्हाने रापलेल्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी खूण त्यांना दिसायची. दंडकारण्याच्या टेकडीमागून गेलेली विजेची तार दिसायची. पण खरा जीव तुटायचा तो शेताच्या चित्रांनी. एकात नटी कपाशी वेचत गाणं म्हणत होती आणि तिच्या ओच्यातून निघाला तो पिंजाऱ्याकडून नुकता पिंजून आणल्यासारखा भुरभुरीत कापूस. आबा झरोक्यापासून मागे सरले. "सरकी कोठे गई? हाई बाई जिनिंग फॅक्टरी पोटमा लिसन फिरस का?" त्या दिवशी खालीही हशा झाला. खेड्यांवरून आलेलं पब्लिक होतं, त्यांना कोण फसवणार! आबांचा चेहरा मात्र दुसऱ्या शोलाही उतरलेलाच होता.

तशीच ती बैलांची गोष्ट. औताला पांढरा बैल डावीकडे, आणि पुढच्याच दृश्यात तोच उजवीकडे. मी म्हटलं, "आबा, बैलच ते. इकडचा तिकडे झाला असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जळगाव शहरात वाढल्याची मला लाज वाटली. "बैल बाजू बदलत नही, भाऊ. माणूस बदलस." हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून दोस्तांना ऐकवत असे.

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. वेळ ते रिळांनी मोजत. "दोन रीळमा येस मी," म्हणाले की वीस मिनिटांत जिन्यावर पावलं वाजलीच.

केबिनच्या फळीवर त्यांचा एक पत्र्याचा डबा असे, कधीकाळी तपकिरीचा. त्या काळी बरेच ऑपरेटर गाण्यांतले तुकडे कापून पोरांना विकत; पोरं ते भिंगातून बघत. आबांच्या डब्यात गाणं नव्हतं. मशीनवर फिल्म आपसूक तुटली, तर जोडण्यासाठी टोकाच्या एकदोन चौकटी छाटाव्याच लागतात. त्या छाटलेल्यांत नशिबाने चूक असलेली चौकट निघाली, तरच ती डब्यात जाई. नियम कडक होता. "तुटनं ते आपलं. कातर लावीसन लिधं ते चोरीनं." इतक्या वर्षांत डब्यात जमल्या होत्या अकरा चौकटी. अप्सरेचा दंड त्यांत होता. नियम मला त्यांनी दोनदा सांगितला होता, म्हणजे मला तो माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

जोड तर त्यांचेच बघावेत. फिल्म खरवडायची, चिकटवायचा मसाला लावायचा, कडेच्या भोकावर भोक बरोबर बसवून दाबायचं आणि मनात पंधरा मोजायचे. पडद्यावर डोळा लवल्याइतकंही कळत नसे. "जोड अक्षरगत ऱ्हास," ते म्हणत. हस्ताक्षरासारखा ज्याचा त्याचा ओळखू येतो.

एका शनिवारी ते माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिले. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला शिरपूरकडचे पाहुणे यायचे होते. बदली ऑपरेटर तापाने पडलेला. मीच म्हणालो, "जा तुम्ही. मॅटिनी मी चालवतो. तीन महिने बघतोय की!"

"लायसन मना नाववर शे, भाऊ."

"कुणाला कळतंय?"

ते गेले, मी हट्ट केला म्हणून.

मॅटिनीला एक जुनं चित्र होतं, एका दिवसापुरतं आणलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिळांची पेटी परत भुसावळला, चित्र पुरवणाऱ्या कंपनीकडे जायची. तिसऱ्या रिळात गाणं लागलं आणि मशीनकडे बघायचं सोडून मी गाणंच बघत बसलो. फिल्म अडकली. पडद्यावर नटीच्या गालातून तपकिरी डाग भाजल्या पापडासारखा पसरत गेला. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. घाईघाईने जोडली, पुन्हा अडकली, पुन्हा जळली. तीनदा. दर वेळी चुरगळलेली फिल्म कापत गेलो, त्यात गाण्याचं एक कडवंच्या कडवं गेलं. जळके तुकडे खिशात कोंबले आणि संध्याकाळी पांझरा नदीत टाकून आलो. आबा परतले ते पेढे घेऊन. पोरगी पसंत पडली होती. मला म्हणाले, "कसं झायं, भाऊ?" मी पेढा तोंडात टाकला आणि मानेनेच "छान" म्हटलं.

सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस पेटी न्यायला आला. ऑफिसात टेबलावर त्याने रीळ हाताने उलगडून पाहिलं. टॉकीजचे मालक शेठजी, तो, आबा आणि मी, एवढेच होतो. "अख्खं कडवं गायब आहे, शेठ," तो म्हणाला. शेठजींनी चष्मा वर केला. "मॅनेजर, हमारी टॉकीज में फिल्म कौन काटता है?"

मी म्हणालो, "कोण कापतं मला माहीत नाही, शेठजी. पण आबांच्या डब्यात तुकडे असतात."

दुसरं वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

डबा आणला गेला. कंपनीच्या माणसाने अकरा चौकटी उजेडात धरल्या. वेगवेगळ्या चित्रांच्या. "बघा! जुना खेळाडू आहे." आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते रीळ बोटांतून सरकवत होते. एका जागी बोटं थांबली. माझा जोड. तिरका, भोकं चुकलेली, मसाला बाहेर ओघळलेला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. अप्सरेच्या दंडाकडे पाहत तसंच.

"किसका जोड है ये?" शेठजींनी विचारलं.

"मशीन मनं शे," आबा म्हणाले. "मंग जोड बी मनाच."

मला वाटलं, आता मी बोलेन. शेठजींनी हिशेबनीसाला हाक मारली, कंपनीच्या माणसाने डबा पिशवीत टाकला, आबांनी केबिनच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बोलायला भरपूर वेळ होता. जिना उतरताना ते मला म्हणाले, "डावा कार्बन आखूड झाया शे, बदली टाका." बस्स.

कित्येक वर्षं मी मनाची समजूत घातली, की बिनपरवान्याच्या माणसाच्या हाती मशीन दिलं हे उघड झालं असतं तर आबांचंच नुकसान होतं. पण त्यांचं नुकसान व्हायचं राहिलं होतं कुठे? कंपनीने सगळ्या टॉकीजना कळवलं. धुळ्यात, जळगावात त्यांना कुणी केबिनची पायरी चढू दिली नाही. वाचलो तो मी. वर्षभराने ती नोकरी सोडली आणि जळगावला विम्याचं काम धरलं.

त्यानंतर आठ-दहा वर्षांनी विम्याच्याच कामाने असोद्याच्या पुढे एका गावी गेलो होतो. जत्रा होती, तंबूतला सिनेमा होता, आणि मशीनमागे पांढरी टोपी. त्यांनीच मला ओळखलं. "या भाऊ, चहा ल्या." टोपी मळली होती. मी मुलीचं विचारलं.

"पाचोऱ्याले दिधी. त्या शिरपूरवाला पाहुणा मंग उनातच नहीत. चोरना घरनी पोर कोण करी? उशीर झाया, पण जमनं."

हे त्यांनी हवापाण्यासारखं सांगितलं. सोयरीक मोडल्याचं मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. खेळाची वेळ झाली तसे ते उठले. "दोन रीळ थांबा, भाऊ. तुमले एक चीज दखाडनी शे. मंग बोलूत."

मी बाकड्यावर बसलो. काय बोलायचं ते ठरवलंही. तंबूतून गाणं ऐकू येत होतं. पहिलं रीळ संपलं. दुसरं निम्मं झालं असेल, तेव्हा मी उठलो, मोटारसायकलवाल्याला हात केला आणि जळगावला निघून आलो.

त्यांना काय दाखवायचं होतं, ते मला कधीच कळलं नाही. नवा डबा असेल. नवी चूक असेल. मागच्या पावसाळ्यात त्या तंबूतल्या सिनेमाचा मालक जळगावच्या बाजारात भेटला. त्याने सांगितलं, आबा गेले.

अजूनही चित्र बघायला गेलो की माझं लक्ष मनगटांकडे, दंडांकडे, बैलांच्या बाजूंकडे जातं. ही त्यांची देणगी. बायको म्हणते, "तुम्हाला दुसऱ्यांच्या चुका बऱ्या दिसतात!"

पाचोऱ्याला जायला जळगावहून गाडी आहे. तासाभराचाही रस्ता नाही. आबांची मुलगी तिथे आहे, आणि आपल्या बापाला कुणी आणि का चोर म्हटलं, हे तिला माहीत नसणार. तिच्या दारात उभं राहून, "तुझे वडील चोर नव्हते, तो जोड माझा होता," एवढं मला तिला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.