खतिजाची दिवेलागण

खतिजा गेल्याचा फोन आला तवा मी भाकरी थापत व्हते. सूनबाईनं फोन कानाला लावून नुसतं माझ्याकडं बघितलं... मला कळलं. तव्यावरची भाकरी उलटली नि खाली बसले. आता मी सांगतेय, सूनबाई लिहितेय.

इथं आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगीत ती खालच्या मजल्यावर. ती रत्नागिरीकडची, मी माणदेशातली. दोघींनाबी लेकांनी नातवंडं सांभाळाया आणलेलं. पहिल्याच भेटीत म्हणाली, "असरला खाली ये गो बाय."

"असर म्हंजे कवा?"

"सावली लांबते तवाची नमाज."

"आमच्यात त्याला उन्हं कलली म्हणत्यात."

"मग कलल्यावर ये, पण ये!"

मी तिला कासराभर दिवस सांगितला. कासरा म्हंजे बैलाचा दोर. तेवढाच सूर्य वर राहिला की मुकादम आमची सुट्टी करायचा. नवरा लवकर गेला, खडी फोडून पोरं वाढवली. घड्याळ मुकादमाच्या हातात, आमचं आभाळात. माझी आजी दुपारनंतर तिपार म्हणायची, दिवसाचा तिसरा पहर. गावातबी आता कुणी म्हणत न्हाई. खतिजाचा नवरा जहाजावर, ती खाडीकडं बघून वेळ सांगायची... भरती लागली, सुकती झाली.

पुढं ती आजारी पडली. दवाखान्यात तिच्या खोलीला खिडकी नव्हती. दिवा दिवसरात पेटलेला. सारखी विचारायची, काय वेळ झाली? लेक म्हणायचा, "साडेपाच, अम्मा." ती चिडायची. "आकडा नको रे, ऊन कुठं हाय ता सांग!" मंग मी बाहेरच्या खिडकीशी जाऊन यायची. "समोरच्या टॉवरच्या काचेवर हाय अजून." तेवढ्यानं निवायची, पडल्या पडल्या नमाज पढायची.

शेवटच्या भेटीला बाहेर नुसती धूळ. सूर्यच दिसंना. काचेतनं मशिदीची बांगबी ऐकू येईना. काय सांगू तिला? म्हटलं, "दिवेलागण झाली गं खतिजा."

वर बघून म्हणाली, "हा विझलाच नाय, मग लागला कधी?"

मी बटन बंद केलं. अंधारात तिचा हात धरून थांबले... मंग परत लावलं.

"आता लागला," म्हणाली. "जा गो बाय घरी. पोरं वाट बघतील."

आता रोज सांजच्याला मी स्वयंपाकघरातला लाईट बंद करते नि परत लावते. नात म्हणती, "आजी, इट वॉज ऑलरेडी ऑन."

"व्हता गं," मी म्हणते. "पण कुणी लावला नव्हता."