एकोणीस नंबरचं मॉड्युल

"सुलभाताई, थे झाकन उघडू नको. आपल्या दुकानात दोनशे व्होल्टची चीज आजवर आली नाही."

रऊफभाई माझे मालक. अकोल्यात त्यांचं बॅटरीचं वर्कशॉप. ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर, सगळ्या बॅटऱ्या आम्ही करायचो. मी अमरावतीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आले होते आणि तिथे बारा वर्षं काम करत होते. पण समोर टेबलावर होती ती हायब्रिड कारची बॅटरी. पेट्रोलवर आणि विजेवर, दोन्हींवर चालणारी गाडी. आमच्या भागात तशी गाडी बघायला मिळणंही मुश्कील.

गाडी तेल्हाऱ्याच्या डॉक्टर मॅडमची होती. त्या मनाच्या आजाराच्या डॉक्टर. ती वर्षं वाईट होती. घरातला कर्ता माणूस अचानक गेला, अशी घरं गावोगाव होती. मॅडम दवाखान्यात वाट बघत बसायच्या नाहीत. रोज दोन-तीन गावं करायच्या, बायकांना भेटायच्या, गोळ्या चालू आहेत का बघायच्या. गाडी पुण्याच्या भावाने दिलेली. तिचा लाल दिवा लागला आणि गाडी बंद पडली. मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पूर्ण बॅटरी बदला, बाहेरून मागवावी लागेल, तीन महिने.

"तीन महिने मी या बायकायले काय सांगू?" मॅडम मला म्हणाल्या. "तुमी पाहा तं एकदा."

मी पाहते म्हणाले.

रऊफभाईंची भीती चुकीची नव्हती. दोनशे व्होल्टचा झटका माणसाला मारू शकतो. आधी नारिंगी सेफ्टी प्लग काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, रबरी हातमोजे शेवटपर्यंत काढायचे नाहीत. मग झाकण. आत एकाला एक चिकटून उभी अठ्ठावीस मॉड्युल. मॉड्युल म्हणजे एक छोटी, चपटी बॅटरी, साधारण सात व्होल्टची. सगळी एका ओळीत जोडलेली. एक जरी कमजोर पडलं तरी सगळी ओळ अडते.

मी प्रत्येकावर मार्करने नंबर घातला. नुसता मीटर लावला तर बहुतेक सगळी ठीक दिसत होती. मीटर इथेच फसवतो. म्हणून प्रत्येकाला हेडलाइटचा बल्ब दोन मिनिटं लावला आणि व्होल्टेज किती उतरतं ते लिहिलं. याला लोड टेस्ट म्हणतात. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. ही चार मॉड्युल बल्ब लावताच ढेपाळली.

चारही मधली. मी वही पुन्हा पाहिली. टोकाची सगळी बरी आणि मधलीच कशी मेली? मध्ये उष्णता साचते. म्हणजे हवा पोचत नसणार.

मी उठून गाडीत गेले. या बॅटरीला गार ठेवायला एक पंखा असतो, त्याची हवा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून येते. सीट काढली, पंखा उघडला. पात्यांवर कापसाचा दाट थर बसलेला. बोटाने ओढला तर अख्खा गोल निघाला.

मॅडमना फोन लावला. "गाडीत कापूस कुठून आला?"

"वेचनीवरून येनाऱ्या बाया बसतात न् मागं. उन्हात चालत जातात बिचाऱ्या. त्यायच्या लुगड्याले असतेच कापूस." मग त्यांनीच विचारलं, "मीच बिघडवली का?"

"नाही मॅडम. पंखा साफ करायला कोणी सांगितलंच नाही तुम्हाला."

आता चार मॉड्युल हवी होती. अमरावतीला एका भंगारवाल्याकडे याच जातीची अपघातातली गाडी पडून असल्याचं कळलं. बसने गेले, मीटर आणि बल्ब पिशवीत. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, सब एक जैसे हैं, उठा लो." मी एकेक तपासलं. त्याने आधी हसून पाहिलं, मग स्टूल आणून दिलं, मग स्वतः वायर धरून उभा राहिला. सहा चांगली निघाली. सहाही घेतली.

मग खरं काम. जुनं मॉड्युल बरं करायचं म्हणजे ते सावकाश पूर्ण चार्ज करायचं, सावकाश रिकामं करायचं, असं तीनदा. प्रत्येक वेळी त्यात किती वीज मावते ते लिहायचं. चार्ज होताना मॉड्युल फुगतं, म्हणून दोन जाड फळ्यांमध्ये बोल्टने आवळून ठेवायचं. माझ्याकडे खेळण्यातली विमानं उडवणारे वापरतात तसा चार्जर होता. एका वेळी चार. चार मॉड्युलना दोन दिवस, आणि करायची होती सगळीच, आधीची चोवीस आणि आणलेली सहा. आकडे हळूहळू चढत गेले. निम्म्यावर आलेली मॉड्युल तिसऱ्या फेरीला नव्याच्या जवळपास पोचली. मला घरी जेवतानाही तेच आकडे आठवायचे.

सगळी झाल्यावर मी ती तीन दिवस नुसती ठेवून दिली. रऊफभाई वैतागले.

"आता काहून थांबून राहिली? मॅडमचा चौथा फोन आला. बसव न् दे."

तिसऱ्या दिवशी मोजलं. एकोणीस नंबर खाली आलं होतं. लोड टेस्टला पास, फेऱ्यांमध्ये पास, पण नुसतं ठेवलं तर आतल्या आत गळत होतं.

"एका मॉड्युलनं काय होते ताई? बाकी सत्तावीस चांगले हायेत."

"महिनाभरात तेच सगळ्यांना खाली ओढेल. मॅडम कुठल्यातरी गावाबाहेर उन्हात अडकतील. मी हे बसवणार नाही."

 बारा वर्षांत मी रऊफभाईंना असं बोलले नव्हते. मग त्यांनी मोबाइल घेतला. "मॅडम, अजून तीन दिवस. आमच्या ताई नाई म्हनतात."

अमरावतीचं पाचवं मॉड्युल एकोणीसच्या जागी गेलं. गाडीचा कॉम्प्युटर मॉड्युल जोडीने तपासतो, म्हणून सारख्या ताकदीच्या जोड्या लावल्या. काळवंडलेल्या तांब्याच्या पट्ट्या घासून चकचकीत केल्या. पंखा धुतला.

ऐन मे महिन्यात आम्ही बाळापूरला जाऊन आलो. एसी चालू, मॅडम चालवत होत्या, मी बाजूला गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर घेऊन, मागे रऊफभाई. येताना चौदाही जोड्यांचे आकडे एकमेकांना धरून होते. मॅडमनी विचारलं, "दिवा लागंल का आता?" मी स्कॅनर त्यांच्यापुढे धरला. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्या हसल्या. रऊफभाई मागून म्हणाले, "आपल्या दुकानात झालं हे." दोनदा म्हणाले.

मॅडमनी बायकांना बसवणं थांबवलं नाही. महिन्यातून एकदा जाळी आणि पंखा ब्रशने साफ करायला त्या शिकल्या.

दोन उन्हाळ्यांनंतर ती गाडी दुसऱ्या कामासाठी त्याच सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या इंजिनिअरने मॅडमकडून नंबर घेऊन मला फोन केला.

"वो हायब्रिड का पॅक जिन्होंने किया, उन सर से बात हो सकती है?"

"बोलिए, मैं ही हूँ."

मॅडमनी त्याला सगळी हकीकत सांगितली होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, तीन दिवस नुसतं का ठेवलं? मी सांगितलं. तो लिहून घेत होता, कागदाचा आवाज येत होता.

बॅटरी खराब आहे एवढं सांगायला मीटर पुरतो. ती का खराब झाली हे कळायला सीट काढावी लागते. आणि ती बरी झाली का, हे कळायला तीन दिवस काहीच न करता बसावं लागतं. या शेवटच्या कामाला सगळ्यात जास्त ओरडा बसतो.