माझं दूध तेवढं चाललं

बाईनं मला मागच्या पडवीत उभं केलं आणि म्हणाली, "चोळी सोड."

समोर खुर्चीत डॉक्टर. शेजारी साहेब, पेपर वाचत. ते उठून गेले नाहीत. बाईमाणूस उघडं होतंय, असं त्यांना वाटलंच नाही. डॉक्टरनं माझ्या दुधाचा थेंब नखावर घेतला, तिरका धरून पाहिला. मग दात पाहिले. जीभ पाहिली. बाजारात म्हैस बघतात तसं.

"चांगलं आहे. घट्ट आहे," तो बाईला म्हणाला.

"रोगबिग नाही ना? ही माणसं कशी राहतात, तुम्हाला ठाऊक आहे."

माझं पोर जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

तुर्भ्याच्या खाडीकाठी साहेबांचं मिठागर होतं. अर्धं गाव त्यावर राबायचं. ओली बाळंतीण होते तरी मी मीठ ओढायला गेले. पोर बांधावर, फडक्याच्या सावलीत. त्याला ताप भरला तेव्हा मुकादमाला म्हटलं, घरी जाते. तो म्हणाला, "होडी भरल्यावर जा." होडी भरली. पोर गेलं.

त्यानंतर मुंबईहून बाईचा निरोप आला, जिचं पोर गेलं तिच्या अंगावर दूध असेल, तिला पाठवा. नवरा म्हणाला, "मालकाला नाय म्हनून जानार कुटं आपन?" मुलींना सासूकडं ठेवून मी खाडी ओलांडून गेले.

बाईला मूल होत नव्हतं. मुंबईतल्याच अनाथाश्रमातलं एखादं घ्या, असं डॉक्टरनं सुचवलं होतं. बाईनं कानांवर हात ठेवले. कुणाचं कोण जाणे, कसलं रक्त! तिला मुलगाच हवा, गोरा हवा, आपल्या जातीचा हवा. असा एक सापडला तो थेट आफ्रिकेत, मोंबासाला. तिथं तिच्या चुलतभावाची बायको बाळंतपणात गेली होती. पोराला डब्याचं दूध पचत नव्हतं. म्हणून ही दोघं आगबोटीनं दत्तक आणायला निघाली, आणि पोराला पाजायला सोबत मी.

बघा ही शिकलेल्यांची अक्कल! जात राखायला समुद्र ओलांडायचा, आणि पोट भरायला आगरीण.

बोटीवर ती दोघं वर, केबिनमध्ये. मी खाली डेकवर, पोत्यांशेजारी. बाईनं प्यायचं पाणीसुद्धा घरचं घेतलं होतं. मी त्या भांड्याला शिवायचं नाही. पण बोट हलायला लागली आणि बाई ओकायला लागली, तेव्हा तिचं डोकं धरायला मीच. ओकताना शिवाशिव नव्हती. मी खाडीवरची, मला काही झालं नाही. मनात म्हटलं, ओक. आतलं सगळं ओकून टाक.

"दूध आटू देऊ नकोस," ती रोज बजावायची. मी कठड्याशी उभी राहून दूध पिळायची. माझ्या पोराचं दूध समुद्रात पडायचं.

मोंबासाला पोर हातात आलं. नुसती हाडं. त्याला जीव लावायचा नाही, असं ठरवून गेले होते. पण पिताना तो डोळे मिटायचा नाही, माझ्याकडे बघत राहायचा. परतीच्या वाटेवर त्याचे गाल भरले. पाजून झालं की बाई त्याला उचलायची आणि गंगाजलात भिजवलेला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवायची. दर खेपेला. पोटात गेलेलं कसं पुसणार होती, तिलाच ठाऊक.

मुंबईत बारसं झालं. दिवाणखाना जरीनं भरलेला. बाईनं मला मोरीत बसवलं. "पाहुण्यांसमोर यायचं नाही. लागलं तर पोर इकडं आणीन." बाहेर ती सांगत होती, "अगदी विलायती डब्यावर वाढलाय हो!" बायका कौतुक करत होत्या.

मग पोर रडायला लागलं. बाटली तोंडात घेईना. त्याचा आवाज फाटत गेला. माझी चोळी भिजली. बाई धावत आली, पण एकटीच. पोर आणलं नव्हतं. हातात बाटली.

"यात पिळून दे. लवकर!"

"पोराला आना."

"सगळे बघतायत. पोर इकडं कसं आणू? बाटलीत दे."

"नाय देनार."

मी उठले. तिला बाजूला सारून दिवाणखान्यात गेले. पाळण्यातून पोर उचललं, तिथंच गालिच्यावर मांडी घातली आणि पदराखाली घेतलं. रडं थांबलं. इतकी शांतता झाली, की त्याचे घोट ऐकू यायला लागले.

बाई हसत म्हणाली, "आया आहे ती. जरा वेडी झालीय. मूल गेलंय ना तिचं."

माझं मेलेलं पोर तिनं आपली अब्रू झाकायला वापरलं. तेव्हा माझ्या आतली भीती संपली.

"येडी नाय मी," मी म्हटलं. "माजा पोर तुमच्या मिठागरावर गेला. मुकादमानं घरी जाऊ दिला नाय. आनि ह्यो माज्या दुधावर जगलाय. मोंबासापासून. डबा नाय, बिबा नाय. मी याची दूधआई हाय."

"चालती हो!" साहेब ओरडले. पोराचं पोट भरेपर्यंत मी उठले नाही. मग त्याला पाळण्यात ठेवलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

मी गावी परतले, मागोमाग मुकादम घरी आला. "पोर पीत नाय. बाईनं बोलावलंय. झाला गेला विसर." माझी छाती दुधानं दगडासारखी झाली होती. सांगितलं, "बाईला म्हनावं, पोर घेऊन इथं ये. माज्या उंबऱ्यात बस. मी पाजते."

बाई आली नाही. पोर शेवटी गाईच्या दुधाला लागलं, असं कानावर आलं. आम्हाला मिठागरावरून काढलं. नवऱ्यानं मारलं. सासू अजून म्हणते, जाऊन पाय धर.

नाही धरणार. त्या घरासाठी माझा हात राबणार नाही, माझ्या मुलींचाही नाही. त्यांच्या वंशाची हाडं माझ्या दुधानं भरली आहेत, हे मी चारचौघांत सांगणार. विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार.