सवतीचे डोळे

पेण, रोहा आणि आसपासच्या सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, गेल्या मे महिन्यात एका गुरुवारी दुपारी प्रस्तुत लेखक सलग वीस मिनिटे एक अक्षरही बोलला नाही. लेखक त्या वेळी शुद्धीवर होता. त्याचे तोंड आलेले नव्हते. ऐकायला समोर सात माणसे हजर होती. तरीही तो बोलला नाही.

माझ्या बायकोला ही घटना अजून मान्य नाही. "साक्षीदार आणा," म्हणते. सात माणसं आहेतच, शिवाय दीड-दोनशे गणपती होते, पण गणपतींची साक्ष ती धरत नाही.

हे सगळं झालं एका दिव्यापायी. मी जुने टेबललॅम्प जमवतो. समया, कंदील, हंड्या असलं भारदस्त काही नाही. माझ्या जन्माच्या जरा आधी, घरोघरी वीज येऊन स्थिरावली आणि लोकांना वाटायला लागलं की नुसता पिवळा बल्ब टांगणं बरं दिसत नाही, त्या काळातले दिवे. ते उजेडासाठी नव्हतेच. आलेल्या पाहुण्याने "हे कुठून आणलंत हो?" असं विचारावं, एवढ्यासाठी ते दिवाणखान्यात बसवलेले असत. माझ्याकडे एक हरीण आहे, त्याच्या शिंगांमधून बल्ब उगवतो. एक काचेचा मासा आहे, तो पोटातून पेटतो. एक आहे रॉकेट, ते कुठेच जात नाही. असे एकूण एकोणीस.

"घरात माणसं दोन, दिवे एकोणीस," बायको आल्यागेल्याला सांगते, "आणि लाइट गेली की शोधायची मेणबत्ती."

माझं बालपण रोह्यात गेलं. तिथे तिसरी-चौथीत मला ज्या बाई शिकवायला होत्या, त्यांची एक आज्ञा साऱ्या वर्गाला पाठ होती: हाताची घडी, तोंडावर बोट. वर्गात पोरं चाळीस, पण आज्ञा बहुतेक वेळा एकट्या माझ्यासाठी सुटायची. गेल्या एप्रिलच्या अखेरीस एका लग्नासाठी रोह्याला गेलो, तेव्हा बाईंच्या पाया पडायला म्हणून घरी डोकावलो. पाया पडून वर बघतो तर समोरच्या टीपॉयवर ती!

हातभर उंचीची प्लास्टरची नर्तकी. हिरवं पातळ, कमरेवर घागर, मान किंचित खाली कललेली. पाठीमागून पितळी दांडी वर गेलेली आणि तिच्यावर गुलाबी कापडाची, झालर लावलेली टोपी. माझ्या एकोणीस दिव्यांना एका क्षणात विटलो मी.

"बाई, ही कोण?"

"ती? माझी सवत," बाई म्हणाल्या. "बस. पाणी देते."

पाणी आलं, पाठोपाठ पोहे आले आणि हकीगतही आली. बाईंच्या मिस्टरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, ही लग्नाच्या आधी मुंबईहून आणली होती. "मी माप ओलांडून आत आले, तर ही आधीच बसलेली. आणि नजर बघ कुठं आहे तिची."

मी बघितलं. टीपॉयच्या एका बाजूला खिडकीपाशी सरांची आरामखुर्ची, दुसऱ्या बाजूला बाईंची वेताची. नर्तकीचे डोळे अर्धे मिटलेले, तिरके, नेमके आरामखुर्चीकडे लागलेले.

"बावन्न वर्षं," बाई म्हणाल्या. "उजेड पाडायचा माझ्या वह्यांवर आणि बघायचं ह्यांच्याकडं. मी दोनदा फिरवून ठेवली. ह्यांनी दोन्ही वेळा परत होती तशी केली. वर मला सांगतात, तिला खिडकी आवडते."

सरांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच सुमाराला दिव्याची वायर जळली, तेव्हापासून तो पेटलेला नव्हता. बाईंना तो पेटायला हवा होता, पण दुरुस्तीला द्यायचा धीर होत नव्हता. "दुकानदार टोपी बदलेल, नाहीतर रंग काढेल. ह्यांच्या बाकीच्या वस्तू मुलांनी हौसेने नेल्या. ही आणि ही खुर्ची, एवढंच मी बदलू दिलेलं नाही."

"बाई, मी करून देतो. हेच तर करतो मी. आठ दिवसांत आणतो."

बाईंनी मला चष्म्यावरून तपासलं. "जशी नेतोस तशी आण. टवकासुद्धा उडता कामा नये. शब्द दे."

मी शब्द दिला. शब्दांची माझ्याकडे कधीच टंचाई नसते.

पेणला घरी परतायला दुपारच्या गाडीत बसलो, आणि तसं अख्ख्या डब्याला सांगूनही टाकलं. डबा निम्मा रिकामा. नर्तकीला बाईंच्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. तोंड मात्र उघडं ठेवलं, कारण समोरच्या दोघी कोळणींना ती बघायची होती आणि मला दाखवायची होती. शेजारी धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून निघालेला एक जण पेंगत होता.

"दादा, देवी कंची ही?" कोळणींतल्या थोरलीने विचारलं.

आता असा प्रश्न आल्यावर गप्प बसणारा माणूस वेगळा. मी पहिल्यापासून सुरू केलं. बाईंचा आवाज काढला, सरांचा काढला, नर्तकीला वेगळा आवाज दिला. नागोठण्याला बाईंचं लग्न लागलं. कासूला दिवा पहिल्यांदा फिरवला. कोळणी टोपल्यांवर हात मारून हसत होत्या, पेंगणारा जागा झाला होता, आणि सर "तिला खिडकी आवडते" म्हणतात तिथवर मी येतो न येतो तोच त्याने विचारलं, "काका, तुमाला पेणला उतरायचा व्हता ना?"

"हो. कधी येतंय?"

"गेला. हमरापूर पन गेला. आता जिते येल."

मी उभा राहिलो. साधा उभा राहिलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण "अरे देवा!" म्हणत एक हात कपाळावर मारून गर्रकन वळलो, आणि दाराजवळच्या लोखंडी दांड्यावर नर्तकीचं तोंड आपटलं. नाक, कपाळाचा तुकडा आणि दोन्ही डोळे खाली पडले.

"अगो माझे बाय, त्वांडच गेला की तिचा!" थोरली ओरडली. गाडी थांबेपर्यंत तिनेच खाली बसून कपच्या वेचल्या आणि माझ्या रुमालात बांधून दिल्या. "आता बाईला काय सांगशील, दादा?"

जित्याच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत मी तासभर त्या प्रश्नासोबत बसलो. मांडीवर नर्तकी होती. तिच्याकडे बघायचं मला धैर्य नव्हतं आणि माझ्याकडे बघायची तिची सोय राहिली नव्हती.

तरी एक बरं, मी पेणचा. प्लास्टरचं काही मोडायचंच असेल तर माणसाने आमच्या गावाजवळ मोडावं. इथे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने. त्यातल्या एका कारखानदाराशी माझी रोज चहाच्या टपरीवर गाठ पडते. त्याच्यापुढे रुमाल सोडला.

त्याने कपच्या बोटाने सरकवून बघितल्या. "याचा चुरा झालाय, जोडून काय होनार नाय. नाक नवा देतो, कपाळ देतो. रंग मिलवून देतो. त्यात काय नाय. डोळे मात्र काकी काढंल."

काकी म्हणजे त्याच्या कारखान्यातली आखणीवाली. मूर्तीचे डोळे रेखायचे, त्याला आखणी म्हणतात. सगळं रंगकाम झाल्यावर ती शेवटी होते, आणि हे काम ज्याच्या त्याच्या हाती देत नाहीत. काकी तीस वर्षं फक्त डोळे काढते आहे. तिच्या हाताखालून किती गणपती बघते झाले, त्याची गणती तिलाही नाही.

गुरुवारी दुपारी मला बोलावणं आलं. नाक, कपाळ सुरेख झालं होतं. मी बाईंच्या घरी मोबाइलवर काढलेला फोटो काकीपुढे धरला. "काकी, नजर अशी हवी. खाली आणि तिरकी. ती खुर्चीकडे बघते."

"कोनाच्या खुर्चीकडं?"

"आमच्या बाईंच्या मिस्टरांच्या."

"दुसरीच्या नवऱ्याकडं बघते व्हय?" काकीने ब्रश भिजवला. सगळा कारखाना हसला. "बरं. काढते. बस तिकडं."

आणि कारखानदाराने नियम सांगितला. काकीचा ब्रश टेकला की शेडमध्ये कोणी बोलायचं नाही. रेडिओ बंद, मोबाइल बंद, चालणंसुद्धा बंद. काकीचा हात हलला तर मूर्तीची नजर बिघडते.

पसरलेल्या मूर्तींच्या मध्ये सात कारागीर हात थांबवून बसले. काकीने श्वास रोखला आणि वरच्या पापणीची पहिली रेघ ओढली.

रेघ सरळ होती.

ती तिरकी हवी होती! मी तोंड उघडलं. कारखानदाराने ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे असे डोळे वटारले की माझं तोंड आपोआप मिटलं. मी मोबाइल हलवला. मान खाली घालून, तिरकं बघून, स्वतःच नर्तकी होऊन दाखवलं. काकीची पाठ माझ्याकडे. एक कारागीर हसू आवरायला तोंडात गमछा कोंबून बसला होता. दुसरी रेघ आली. डोळा उघडत चालला, मोठा, टपोरा, प्रसन्न. मला काय करावं ते सुचेना, आणि माझ्या हातांना पन्नास वर्षांपूर्वीचं आठवलं. उजवा हात डाव्या काखेत गेला, डाव्या हाताचं बोट तोंडावर. तसा मी वीस मिनिटं बसलो. बाई असत्या तर त्यांनी त्या दिवशी मला पहिला नंबर दिला असता.

काकीने शेवटी बुबुळात पांढरा ठिपका ठेवला, आणि नर्तकीने माझ्याकडे बघितलं. मी डावीकडे सरकलो. बघितलं. उजवीकडे वाकलो. तिथेही बघितलं.

"काकी," मला वाचा फुटली, "नजर तिरकी हवी होती."

काकीने फोटो बघितला, नर्तकी बघितली, कपाळाला हात लावला आणि खो खो हसायला लागली. "आता गं! हाताला सवय ना रं. देव घरात कुठं बी बसवा, त्याने सगळ्यांकडं बघाया पायजे. एकाचकडं बघून कसा चालंल?"

"मग पुसून परत…"

सातही कारागिरांनी माना वळवल्या. जणू मी गणपतीचा मोदक मागितला होता. "दिलेले डोळे आमी पुसत नाय," कारखानदार म्हणाला. "दुसरा काय पन सांगा."

घरी आणल्यावर बायकोने दार उघडलं, आधी हात जोडले आणि मग विचारलं, "ही कुठली देवी?" मी वायर बदलली, बटण दाबलं. गुलाबी उजेडात ते डोळे आमच्या दोघांकडेही एकाच वेळी, तितक्याच मायेने बघत होते. मी बाईंसमोर करायची तीन भाषणं तयार केली. एक करुण, एक रेल्वेला दोष देणारं आणि एक खरं. बायकोला तिन्ही ऐकवली.

"खरं सांगा," ती म्हणाली, "आणि थोडक्यात. यातलं दुसरं तुम्हाला जास्त जड जाणार आहे."

रविवारी निघालो. कारखानदाराने नर्तकीला खोक्यात, पेंढ्यात बसवून दिलं होतं, गणपती मुंबईला धाडतात तशी. गाडी रोह्यालाच संपणारी होती, त्यामुळे बोलताना कसली भीती नव्हती. तरी माझ्या तोंडून फारसं काही निघालं नाही. त्या आरामखुर्चीकडे बघणारं कुणी नाही आणि बाई संध्याकाळी एकट्याच बसल्या आहेत, असं चित्र सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

टीपॉयवर दिव्याच्या बुडाचा गोल डाग होता. नर्तकीला बरोबर त्यावर ठेवलं, तोंडावर बांधून आणलेला रुमाल तसाच राहू दिला.

"लाव की," बाई म्हणाल्या.

"बाई, हिचं तोंड फुटलं. जित्याला. माझ्या बडबडीमुळे. नाक आणि कपाळ नवं आहे, आणि डोळे गणपतीचे आहेत."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. बाईंचा चेहरा, नापास पोराचा पेपर हातात असताना व्हायचा तसा झाला.

"जशी नेलीस तशी आण म्हटलं होतं."

"हो बाई."

"ह्यांची एवढी एकच…" त्या थांबल्या. "दाखव."

मी रुमाल काढला, बटण दाबलं. बाई पुढे आल्या नाहीत. त्या आधी आरामखुर्चीपाशी गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून वाकल्या आणि सरांचं डोकं जिथे टेकायचं तिथून दिव्याकडे बघितलं. बराच वेळ.

"बघते हो अजून ह्यांच्याकडं," त्या हळूच म्हणाल्या.

मग टीपॉयला वळसा घालून आपल्या वेताच्या खुर्चीकडे आल्या. बसल्या. पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मान वर केली. मी हाताची घडी घातली.

आणि जन्मभर आम्हा पोरांना विचारल्याशिवाय बोलू न देणाऱ्या आमच्या बाई, शेजारच्या वहिनी दारात धावत याव्यात एवढ्या मोठ्याने ओरडल्या:

"बघितलंस गो माझ्याकडं एकदाचं, सवती!"