घरात कोणी नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तसा मी तोंडाचा पक्का नाही. आमच्या घरात गुपित ठेवायचं झालं तर आधी माझ्यापासून ठेवतात. पण ही एक मात्र पाचेक वर्षं आत राहिली. तुम्हाला सांगतो. हसू येईल तिथे हसा.

फारसी शिकायचं खूळ मुळात माझं नव्हतं, बायकोचं होतं. सुनंदा मशीद बंदरला सुकामेव्याच्या एका पेढीत हिशेब बघायची. खजुराच्या खोक्यांवरची वळणदार अक्षरं वर्षानुवर्षं नुसती बघितली, म्हणाली, आता नोकरी सोडल्यावर ती वाचायला शिकते. ऑनलाइन क्लास सापडला. शिराझची एक बाई घरूनच शिकवायची, सगळे तिला खानम म्हणायचे. मी म्हटलं, मीपण शिकतो. आणि दोन फिया कशाला? हॉटेलात सूप वन बाय टू घेणारी मुलुंडची माणसं आम्ही — भाषाही वन बाय टू. नाव माझं लावलं. का माझं? तेव्हा हा प्रश्न मला पडलाच नाही. कॅमेऱ्यासमोर मी आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, बाजूच्या स्टुलावर सुनंदा.

मला वाटलेलं, दरवाजा, बाजार, पनीर, हप्ता — अर्धी फारसी तर आपल्याला येतेच. कसलं काय. ‘ज’ चार प्रकारचे. शब्दाच्या सुरुवातीला एक दिसणारं अक्षर मधे गेलं की वेगळं, शेवटी तिसरंच — एकाच काकांनी तीन लग्नांना तीन वेगळे टोप घालून यावं तसं. मी पुन्हापुन्हा उलट्या बाजूने वाचायचो.

“अहो, उजवीकडून. नो एण्ट्रीत शिरताय,” सुनंदा म्हणायची.

मी चिडायचो. टॅब आपटायचो. पन्नाशीच्या माणसाला पहिलीत बसवलं की काय होतं, ते बसल्यावरच कळतं.

तिला मात्र येत होतं. भाजी निवडता निवडता येत होतं. खानम प्रश्न विचारायची, मी आ वासून बसायचो, सुनंदा कुजबुजायची आणि मी ते मोठ्याने म्हणायचो. “आफरीन,” खानम म्हणायची. म्हणजे शाब्बास. ते आफरीन मी घ्यायचो. सुरुवातीला सुनंदाकडे बघून डोळा तरी मारायचो. मग तेही थांबलं — कारण मला खरंच वाटायला लागलं होतं की मला येतंय. असं कसं वाटू शकतं माणसाला? वाटतं.

एका शनिवारी खानम मधेच थांबली. माझ्याआधीच उत्तर तिच्या कानावर गेलं होतं. ती रागावली नाही — हे मुद्दाम सांगतो, मला आडोसा राहायला नको. हसत हसत, आम्हाला कळेल अशा सावकाश फारसीत तिने विचारलं, घरात कोणी आहे का? असेल तर पुढे बोलवा, भेटू दे आम्हाला.

सुनंदाने गवारीचं ताट खाली ठेवलं. ओढणी सारखी केली. स्टूल जरासं पुढे सरकवलं.

आणि मी म्हणालो — “हीच कस नीस्त.” कोणी नाही.

कुणाच्याही मदतीशिवाय मी बोललेलं ते पहिलं अचूक वाक्य. खानम म्हणाली, “आफरीन.” सुनंदाने गवारीचं ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्या स्टुलावर ती परत कधी बसली नाही.

मी तसं का म्हणालो? फी चुकवल्याची लाज वाटली म्हणून? तसं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण फीचं कुणी विचारलंच कुठे होतं? मला ते आफरीन वाटून घ्यायचं नव्हतं. एवढंच.

आणि तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? पण नाही. प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला मी रंगवून सांगत आलो — हिला महिन्याभरात कंटाळा आला, फारसी म्हणजे काय गवार निवडणं आहे? लोक हसतात. मी सांगतोच तसं. पुढे दोन महिन्यांत मीही क्लास सोडला, कारण कुजबुजणारं कोणी नव्हतं. ते कुठल्या बारशात सांगितलं नाही.

परवा घाटकोपरला ताईकडे जेवायला होतो. भाची तन्वी म्हणाली, “मामी, मी ऑनलाइन फारसी सुरू करतेय. तू का सोडलंस गं?”

माझा घास हातातच राहिला.

“माझ्या डोक्यात नाही गं शिरलं ते,” वाढता वाढता सुनंदा म्हणाली. “यांचं डोकं वेगळं.”

तन्वी माझ्याकडे वळली. “मग मामा, तूच शिकव ना.”

“शिकवीन की,” मी म्हणालो.

सुनंदाने माझ्या भातावर वरण घातलं आणि ती पुढच्या ताटाकडे गेली.